डावं दार ओढतं

"आणि नवरदेव?" रुपर्ट फेनविकने विचारलं.

"सर्जन आहे," मंजिरी म्हणाली. "आज शनिवार असूनही ऑपरेशन थिएटरमध्ये अडकलाय. बिचारा."

नवरदेव नव्हताच. नवरी तेवढी खरी होती, म्हणजे मंजिरीची सव्वीस वर्षांची मुलगी ईरा. ती ब्रिस्टलला विमानांच्या इंजिनांचं डिझाइन करायची, आणि तिचं लग्न व्हायला आधी तिला कुणीतरी आवडायला हवं होतं. पण आईने फोन करून "शनिवारी तासभर माझ्यासाठी नवरी हो" म्हटल्यावर पोरीने "ओके, लंच तुझ्याकडून" एवढंच सांगितलं होतं. आईच्या खोड्या तिला काही नवीन नव्हत्या. याच बाईने एकदा एक एप्रिलला, ती नोकरी करायची त्या पालिकेच्या, म्हणजे कौन्सिलच्या, बांधकाम-परवाने देणाऱ्या प्लॅनिंग खात्यातल्या किटलीवर 'वाफ सोडण्यासाठी परवानगीचा अर्ज प्रलंबित' अशी शिक्क्याची नोटीस चिकटवली होती, आणि अख्खं खातं दुपारपर्यंत चहाविना बसलं होतं.

तिघं उभी होती ती मार्लहँगर हाउसच्या गेट लॉजमध्ये, साउथहॅम्प्टनपासून तासाभरावर. गेट लॉज म्हणजे काय, तर किल्ल्याच्या दरवाज्यात पहारेकऱ्याची देवडी असते ना, तिला छप्पर, धुराडं आणि शिष्टपणा जोडला की गेट लॉज होतं. मोठ्या घराच्या फाटकाशी, फाटक उघडणाऱ्या माणसासाठी बांधलेलं छोटं घर. पुढून बघावं तर केकवरचं खेळणं. फोडलेल्या गारगोटीची काळी-करडी भिंत, छपराच्या कडेला लेससारखी कोरलेली लाकडी पट्टी, आणि दोन खोल्यांच्या मानाने भलतीच उंच अशी तीन धुराडी. त्यातल्या एकाखाली शेकोटीच नव्हती. ते नुसतं दिसायला. डाव्या भिंतीवरची खिडकीसुद्धा दिसायलाच. बाहेरून चौकट आणि काळ्या रंगात रंगवलेल्या काचा, आतून सपाट भिंत. मागे जाऊन बघावं तर साध्या विटा, एक नळ आणि ओल. सगळा थाट गाडीतून दिसणाऱ्या अंगाला.

मंजिरीला हे बघायला मागे जायची गरज नव्हती. आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत ती त्या आंधळ्या खिडकीच्या आतल्या बाजूला झोपलेली होती. तिने तिथे खडूने स्वतःची खिडकी काढली होती, पडद्यांसकट.

हवेलीचा मालक रुपर्ट, ती लग्नांना भाड्याने द्यायच्या खटपटीत; त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने तिच्याकडे बघितलं आणि त्याला दिसलं दोनशे पाहुण्यांचं भारतीय लग्न.

"हे लॉज ऑक्टोबरपर्यंत जाईल," तो म्हणाला. "पाहुण्यांच्या मोठ्या बसेस, कोचेस, थेट आत येतील. ऐतिहासिक वगैरे काही नाही बरं का हे. आमचा तज्ज्ञ म्हणतो, एकोणीसशे वीसची नक्कल आहे."

"इथे कुणी राहायचं का?"

"हॉब्स!" रुपर्ट हसला. "पहिल्या फाटकवाल्याचं नाव हॉब्स होतं म्हणे. मग जो येईल तो हॉब्स. सोपं पडतं ना. शेवटचा हॉब्स तुमच्याकडचाच होता. हॉस्पिटलमध्ये काहीतरी काम करायचा. पोर्टर असावा. हॉर्न वाजवला की पळत यायचा बिचारा, काय गंमत यायची!"

ईराने आईकडे बघितलं. आई इतकं गोड हसत होती की ईराच्या अंगावर काटा आला.

"ईरा," मंजिरी म्हणाली, "बाहेर पोर्चमध्ये फोटो काढ ना. लाइट छान आहे. मिस्टर फेनविकना बरोबर घे, ते अँगल सांगतील."

"हो, हो. हे गेट पण किती क्यूट आहे," म्हणत ईराने त्याला बाहेर काढला.

मंजिरी बे विंडोपाशी गेली. भिंतीतून पोटासारखी पुढे आलेली ती तीन अंगांची खिडकी. एका अंगातून रस्ता दिसायचा, एकातून हवेलीकडे जाणारी वाट, आणि मधल्या अंगातून फाटक. फाटकवाल्याला बसल्या जागी तिन्हीकडे लक्ष ठेवता यावं म्हणून. तिच्या खाली बसायला लाकडी पेटी होती. पेटीवर गादी, गादीवर तीन उशा. मंजिरीने सगळं खाली ढकललं, झाकण उचललं आणि फोनचा टॉर्च मारला.

झाकणाच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने, तिरप्या इंग्रजी अक्षरात लिहिलेलं होतं: 'जेम्स पोकॉक, सुतार, १८३७. फाटकाचं डावं दार ओढतं, खाली घासतं. त्यांना सांगितलं.'

आणि त्याच्या खाली, डॉक्टरचं असूनही वाचता येणारं, देवनागरी अक्षर: 'डॉ. अवधूत रामचंद्र टिपणीस. मुक्काम येथे, १९७९ ते १९८६. डावं दार ओढतं हे खरं आहे. मीही सांगितलं.'

तिने सात फोटो काढले. एखादा पुसट आला तर, म्हणून सात.

*

हे सगळं सुरू झालं होतं तीन आठवड्यांपूर्वी, ऑफिसात.

मंजिरीचं काम म्हणजे आलेले अर्ज तपासणं. नकाशावर उत्तर दिशेचा बाण आहे का, मापाची पट्टी आहे का, जागेभोवती लाल रेघ आहे का. नसेल तर अर्ज परत. बावीस वर्षं ती हेच करत होती. मोठमोठ्या बिल्डरांचे अर्धे केस तिच्या बाणांनी गळलेले. एका मंगळवारी तिने नवीन फाइल उघडली आणि तिला स्क्रीनवर स्वतःची बेडरूम दिसली. वर लिहिलेलं, 'पाडण्यासाठी'. अर्जदार, रुपर्ट फेनविक.

बाण नव्हता. पट्टी नव्हती. छपरात वटवाघळं आहेत का याचा, तिथल्या कायद्याने लागणारा अहवालही नव्हता. मंजिरीने हात चोळले. मग थांबली. गल्लीतल्या मांजरीला सुद्धा कळतं, समोर दूध ठेवलंय म्हणून लगेच तोंड घालायचं नसतं.

ती उठली आणि शेजारच्या टेबलावरच्या नीलकडे गेली. नील तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, आईवडील नागपूरचे, जन्म रेडिंगचा.

"नील, ही फाइल तू घे. मी राहिलेय या घरात. लेखी देते तसं."

"पण मावशी, तुमच्या हातात आयतं आलंय की. अडकवा ना दोन वर्षं."

"हातात आहे तोवर मला नियमाने वागावं लागेल, राजा. हातातून गेलं की मी साधी नागरिक. नागरिकाला काय वाट्टेल ते करता येतं."

नीलने फाइल घेतली आणि बाण नाही म्हणून पहिल्याच दिवशी परत पाठवली. मंजिरीने त्याला सांगितलं नव्हतं. शिकवलं मात्र तिनेच होतं.

आता डूख कशाचा, तेही सांगायला हवं.

एकोणऐंशी साली मंजिरीचे बाबा, डॉक्टर टिपणीस, साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात छातीच्या विभागात रजिस्ट्रार होते. बायको, मुलगी सोबत. फोनवर घर रिकामं असायचं, दारात उभं राहिलं की भरलेलं असायचं. शेवटी थोरल्या मिसेस फेनविकने, रुपर्टच्या आईने, लॉज दिलं, स्वस्तात, पण एक अट घालून. करारातच होती ती, शंभर वर्षं जुनी. हॉर्न वाजला की राहणाऱ्याने फाटक उघडायचं आणि लावायचं. डॉक्टरांनी सही केली. माणूस सहीला जागणारा. रात्रभर लोकांच्या छातीला नळी लावून बसायचे, घरी येऊन आडवे व्हायचे आणि हॉर्न वाजला की "आलो, आलो" म्हणत सपाता शोधायचे.

पंच्याऐंशीच्या नोव्हेंबरात रुपर्टला सतरा वर्षं पूर्ण झाली आणि गाडी मिळाली. एका रविवारी दुपारी तो तीन मित्रांना घेऊन आला. हॉर्न वाजवला. डॉक्टर पावसात गेले, डावं दार उचलून ओढलं, उघडलं. गाडी आत गेली. डॉक्टरांनी दार लावलं. गाडी आतून वळून परत आली. हॉर्न. उघडलं. गाडी बाहेर, रस्त्यावर वळली, परत हॉर्न. मंजिरी बे विंडोत बसून मोजत होती. अकरा वेळा. अकराव्या वेळी रुपर्टने काच खाली केली आणि "शाबास, हॉब्स!" म्हणून गाडी पळवली. बाकीचे तिघं हसताना तिला दिसले.

बाबा आत आले. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. त्यांनी सपाता रेडिएटरखाली ठेवल्या.

"बाबा, तुम्ही का उघडलं परत परत?"

"पोरगं आहे गं," ते म्हणाले. "आणि सही केलीय आपण."

त्या दिवशी चौदा वर्षांच्या मंजिरीने ठरवलं, याचं उट्टं काढायचं. केव्हा, कसं, ते ठाऊक नव्हतं. पण साप जसा डूख धरतो तसा तिने तो धरला. लग्न झालं, ईरा झाली, घटस्फोट झाला, आई गेली. डूख तसाच होता.

आणि आता घाई व्हायला आणखी एक कारण होतं. बाबा आता शहाऐंशीचे. दोन वर्षं वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये. बायको गेलेली आठवत नाही, ईराला कधी मंजिरी म्हणतात, मंजिरीला कधी सिस्टर. होमच्या मागे सुपरमार्केटचं सामान उतरतं. लॉरीवाला आला की हॉर्न मारतो. आणि प्रत्येक हॉर्नला बाबा खुर्चीतून उठतात. "आलो, आलो." वाकून सपाता शोधतात.

"सो स्वीट," तिथली मुलगी म्हणायची. "आमचे जेंटलमन. दाराशी जाऊन उभे राहतात."

मंजिरीला ते स्वीट वाटत नव्हतं. सगळं विसरलेल्या माणसाच्या डोक्यात नेमका तो हॉर्न तेवढा शिल्लक राहावा? तिला एकच गोष्ट हवी होती. रुपर्ट फेनविकने स्वतःच्या हातांनी ते फाटक उघडावं आणि बाबांनी गाडीत, गादीवर बसून ते बघावं. डोक्यात एक हॉर्न अडकलाय ना, मग त्याच्यावर दुसरा बसवू. बाबा जायच्या आत.

*

देशातल्या जुन्या इमारतींच्या संरक्षित यादीत एखादं घर घाला, असा अर्ज कुणीही करू शकतं. पैसे लागत नाहीत, फक्त पुरावा लागतो. मंजिरीने अर्ज केला. उत्तरेचा बाण दोनदा काढला.

जून महिन्यात तपासनीस बाई लॉजवर आल्या. रुपर्टच्या तज्ज्ञाने कधी उशा उचललेल्या नव्हत्या. या बाईंनी उचलल्या. मग त्या गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणे दहा मिनिटं उठल्याच नाहीत. ऑगस्टमध्ये निकाल आला. लॉज, दगडी खांब आणि फाटकाची दोन्ही लोखंडी दारं, सगळं संरक्षित.

मंजिरीने ईराला फोन लावला.

"ऐक, वाचते. 'खिडकीच्या आसनाखाली मूळ सुताराचा १८३७चा लेख आहे. त्याखाली नंतरच्या रहिवाशाने देवनागरी लिपीत लिहिलेला लेख आहे. दोन्ही लेखांमुळे इमारतीला महत्त्व आहे.' कळलं का काय झालं?"

"आजोबाचं नाव?"

"आजोबांचं नाव. आता रुपर्टने नुसतं रबर फिरवलं ना त्याच्यावर, तरी कोर्टात उभा राहील. पोर्टर म्हणे! हॉब्स म्हणे!"

"आई, यू आर स्केरी."

"अजून कुठे काय बघितलंयस तू."

कारण पुढची मजा नीलकडून कळली होती. कोचेस गेल्या, लग्नांचा मांडव गेला, तेव्हा रुपर्टने निदान फाटकाला मोटर बसवायचा अर्ज केला. बटण दाबलं की उघडेल असं. पण आता दारांना, बिजागऱ्यांना हात लावायचा तर वेगळी परवानगी. अर्ज दोनदा परत गेला होता. बाण.

"म्हणजे सध्या उघडतं कोण?" मंजिरीने विचारलं होतं.

"तेच स्वतः," नील म्हणाला. "लॉजमध्ये भाडेकरू ठेवायला छप्पर गळतंय, आणि माणूस ठेवायला परवडत नाही म्हणे. दर वेळी गाडीतून उतरतात, उघडतात, गाडी आत घेतात, परत उतरून लावतात. एजंट सांगत होता, पाठ धरलीय त्यांची."

मंजिरीने त्या दिवशी अख्ख्या खात्याला केक आणला. वाढदिवस कुणाचा, विचारल्यावर म्हणाली, "जेम्स पोकॉकचा."

*

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी तिने बाबांना नर्सिंग होममधून बाहेर काढलं. त्यांचा नेव्ही ब्लू कोट, हॉस्पिटलचा टाय. बूट घालायला ते तयार झाले नाहीत. पायात सपाताच. मंजिरीने त्यांना पुढे बसवलं, ईरा मागे.

रुपर्टला ईमेल आधीच गेली होती. कोचेस नसल्या तरी छोटं लग्न करू, साठ माणसांचं. पण आमच्यात घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्याने जागा पसंत केल्याशिवाय काही ठरत नाही, तेव्हा आजोबांना आणतो, बरोबर अकरा वाजता फाटकाशी भेटा. रुपर्टने 'नक्की! वाट बघतो!' असं दोन उद्गारचिन्हांत कळवलं होतं. गरज माणसाला उद्गारचिन्हं शिकवते.

"आई, प्लॅन काय आहे?" ईराने विचारलं.

"हॉर्न वाजवायचा. तो उघडेल. आत जायचं. मग मी म्हणणार, अरे, पर्स राहिली की पेट्रोल पंपावर. वळायचं. बाहेर. परत हॉर्न. मग म्हणणार, नाही, पर्स सापडली सीटखाली. आत."

"किती वेळा?"

"अकरा."

"आई!"

"मोजून अकरा. शेवटी काच खाली करून आजोबांनी म्हणायचंय, शाबास. बाबा, म्हणाल ना? शाबास?"

"शाबास," बाबा म्हणाले. ते बाहेर बघत होते. कुंपणाच्या झुडपांमागे मेंढ्या होत्या. "कुठे चाललोय सिस्टर?"

"गंमत बघायला."

पाऊस भुरभुरत होता. वळण घेतलं आणि लॉज आलं. तीन धुराडी, रंगवलेली खोटी खिडकी, बे विंडो. फाटक बंद. रुपर्ट पोर्चखाली उभा होता, छत्री नव्हती, केस विरळ झालेले. एक हात कमरेवर. त्याने त्यांना बघून हात हलवला, पण जागचा हलला नाही. फोनवर बोलत होता.

मंजिरीने गाडी दारापुढे आणली. इंजिन चालू ठेवलं. पंजा हॉर्नवर ठेवला. चाळीस वर्षं. तिने खोल श्वास घेतला आणि दाबला. लांब, नीट, कुणालाही चुकवता येणार नाही असा.

रुपर्टने फोन खिशात टाकला आणि घाईघाईने निघाला.

"आलो, आलो."

मंजिरीच्या कानाशीच आवाज आला. मग पट्टा सुटल्याची टक्. तिने मान वळवेपर्यंत दार उघडलेलं होतं आणि बाबांचा एक पाय बाहेर होता.

"बाबा! बाबा, बसा, तुम्ही नाही!"

नर्सिंग होममध्ये वॉकर धरून चालणारा माणूस गाडीच्या बॉनेटला एक हात लावत सपातांनी चिखल तुडवत फाटकाशी पोचला. चेहऱ्यावर गोंधळ नव्हता. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या चेहऱ्यावर, आपण कुठे आहोत हे ठाऊक असलेल्या माणसाचा भाव होता.

पलीकडून रुपर्ट डावं दार ओढून बघत होता. दार खडीत रुतलेलं.

"उचला," बाबा इंग्रजीत म्हणाले. "आधी उचला, मग ओढा. ते ओढतं."

रुपर्टने उचललं. पुरेसं नाही. बाबांनी गजांमधून हात घातला, खालची आडवी पट्टी धरली, आणि दोघांनी मिळून उचललं. दार करकरत सुटलं.

"मी सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "तुमच्या आईला."

रुपर्ट त्यांच्याकडे बघत राहिला. मग गाडीतल्या मंजिरीकडे बघितलं, मग परत त्यांच्याकडे. टायकडे. सपातांकडे. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"हॉब्स?" तो म्हणाला.

"डॉक्टर टिपणीस," बाबांनी सांगितलं, नवीन पेशंटला सांगावं तसं. आणि भिजणाऱ्या त्या माणसाकडे जरा निरखून बघत विचारलं, "पाठ दुखते का? असे वाकून नका उचलू. गुडघ्यात वाका."

रुपर्ट काहीतरी बोलला. आवाज इतका खाली होता की मंजिरीला ऐकू गेलं नाही. त्याने बाबांचा कोपर धरून त्यांना बाजूला घ्यायला बघितलं. बाबा बाजूला झाले नाहीत, तेव्हा रुपर्टने जाऊन उजवं दार उघडलं. त्यांनी डावं दार पूर्ण उघडून धरलं, पाठ ताठ केली आणि मोकळ्या हाताने गाडीला खूण केली. या. आत या.

"आई," मागून ईरा हळू म्हणाली, "मी जाऊन आणू त्यांना?"

"गाडी आत गेल्याशिवाय ते दार सोडणार नाहीत."

मंजिरीचा पंजा अजून हॉर्नवर होता. तिने तो उचलला आणि मांडीवर ठेवला. मग बाबांच्या बाजूचं उघडं दार ओढून घेतलं, हात परत स्टिअरिंगला लावला, पहिला गिअर टाकला आणि त्या दोघांच्या मधून, कुणाकडेही न बघता, चालत्या माणसाच्या वेगाने गाडी आत घेतली. जाताना बाबांनी मान किंचित लववली, ओळख नसलेल्या गाडीला लववावी तशी.

ती पुढे जाऊन थांबली. आरशात लॉजची मागची बाजू दिसत होती, साध्या विटा, नळ. फाटकाशी दोन म्हातारे होते. रुपर्टने उजवं दार आधीच लावून टाकलं होतं आणि तो नुसता उभा होता, हात लोंबकळत. बाबांनी गुडघ्यात वाकून डावं दार उचललं, जागेवर आणलं, कडी घातली, आणि ती नीट बसली की नाही हे एकदा हलवून बघितलं.

मग खाली वाकून ते चिखलात रुतलेली सपात शोधू लागले.